म्युटेक्स चुकत नाही, गोंधळ होतो तो सोडताना

मेमरीचं पोर्ट एकच आणि मागणारे दोन. क्लॉकवर चालणाऱ्या सर्किटमध्ये हा प्रश्न व्हेरिलॉग या सर्किट लिहायच्या भाषेत चार ओळींत मिटतो. क्लॉकच्या कडेला दोन्ही रिक्वेस्ट बघायच्या, ज्याचा नंबर त्याला ग्रँट, म्हणजे परवानगी, द्यायची. असिंक्रोनस, म्हणजे क्लॉकशिवाय चालणाऱ्या, सर्किटमध्ये अशी 'बघायची वेळ' ठरलेलीच नसते. आर१ आणि आर२ या दोन रिक्वेस्ट केव्हाही चढतात (लोच्या हाय होतात), कधी एकमेकांच्या काही पिकोसेकंद आगेमागे. आधी कोण आलं हे ठरवायचं काम आर्बिटरचं, आणि त्याच्या गाभ्यात बसलेल्या छोट्या सर्किटला म्युटेक्स म्हणतात.

शिकवताना सगळा भर 'आधी कोण' यावरच असतो. प्रत्यक्षात ते काम बारा ट्रान्झिस्टर बिनबोभाट करतात. डिझाइन फसतं ते पहिल्याचं काम झाल्यावर, संसाधन दुसऱ्याच्या हाती जाताना. दोन्ही बघू, पण वेळ दुसऱ्यावर जास्त घालवू.

म्युटेक्सची रचना अशी. दोन नँड गेट (दोन्ही इनपुट हाय असतील तरच आउटपुट लो) एकमेकांत अडकवायची. पहिल्याला आर१ आणि क्यू२, त्यातून निघतो क्यू१. दुसऱ्याला आर२ आणि क्यू१, त्यातून क्यू२. कोणी काही मागत नसताना दोन्ही क्यू हाय. आर१ एकटा चढला की क्यू१ खाली येतो आणि दुसऱ्या गेटचं दार लावून टाकतो. मग आर२ कितीही चढला तरी क्यू२ हलत नाही. इथवर साधं लॅच, म्हणजे निकाल धरून ठेवणारं सर्किट, आहे.

दोन्ही रिक्वेस्ट अगदी एकदम आल्या तर दोन्ही क्यू खाली यायला निघतात आणि अर्ध्या व्होल्टेजजवळ अडकतात. ही मेटास्टेबल अवस्था. तिथून कुठल्या बाजूला पडायचं हे सुरुवातीचा क्षुल्लक फरक आणि नॉइज ठरवतात, आणि त्याला किती वेळ लागेल यावर वरची मर्यादा नाही. चेनी आणि मोल्नार यांनी १९७३ साली ऑसिलोस्कोपवरची चित्रं छापून हे दाखवलं. तोवर 'चांगलं फ्लिप-फ्लॉप वापरा, प्रश्न सुटेल' असं मानणारे पुष्कळ होते. प्रश्न सुटत नाही. मेटास्टेबिलिटी टाळता येत नाही, ती फक्त बाहेर दिसू न देणं आपल्या हातात आहे.

ते काम फिल्टरचं. चार्ल्स साइट्झ यांनी १९८० साली मीड आणि कॉनवे यांच्या व्हीएलएसआयच्या (चिप डिझाइनच्या) पुस्तकातल्या टायमिंगवरच्या प्रकरणात ही कल्पना एनमॉसमध्ये मांडली. सीमॉसमध्ये, म्हणजे एनमॉस आणि पीमॉस असे दोन्ही ट्रान्झिस्टर वापरणाऱ्या पद्धतीत, ती अशी येते: क्यू१ वर एक इन्व्हर्टर लावायचा, त्यातून जी१ ही ग्रँट निघते. पण या इन्व्हर्टरच्या पीमॉसचा सोर्स सप्लायला न जोडता क्यू२ ला जोडायचा. दुसऱ्या बाजूला याचंच उलट. क्यू२ हा क्यू१ पेक्षा एका थ्रेशोल्डने (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणाऱ्या व्होल्टेजने) वर गेल्याशिवाय तो पीमॉस चालूच होत नाही. दोन्ही क्यू अर्ध्यावर लोंबकळत असताना दोन्ही पीमॉस बंद, दोन्ही एनमॉस चालू, आणि दोन्ही ग्रँट शून्यावर. आतला वाद मिटेपर्यंत बाहेर शांतता. दोन नँडचे आठ आणि फिल्टरचे चार, झाले बारा ट्रान्झिस्टर.

स्टँडर्ड सेलच्या, म्हणजे तयार गेटांच्या, लायब्ररीत हा फिल्टर सहसा मिळत नाही. तेव्हा क्यू१ चार इनपुटांच्या नॉर गेटला द्यायचा, चारही इनपुट एकत्र बांधून. त्यात चार पीमॉस मालिकेत असल्याने वरची बाजू अशक्त आणि चार एनमॉस समांतर असल्याने खालची दांडगी होते. गेटचा थ्रेशोल्ड, म्हणजे आउटपुट पालटायची पातळी, खाली सरकतो, आणि क्यू१ मेटास्टेबल पातळीच्या बराच खाली आल्याशिवाय ग्रँट निघत नाही. दोन अटी आहेत. नॉर एकाच टप्प्याचं हवं. आत बफर असेल तर थ्रेशोल्ड मध्यावरच राहतो आणि सगळं मुसळ केरात. शिवाय मेटास्टेबल पातळी आणि नॉरचा थ्रेशोल्ड यांतलं अंतर सगळ्या कॉर्नरला (ट्रान्झिस्टर जलद किंवा मंद निघण्याच्या टोकांना) स्पाइस या सिम्युलेटरमध्ये तपासावं लागतं. विशेषतः एनमॉस मंद आणि पीमॉस जलद असलेल्या कॉर्नरला, कारण तिथे नॉरचा थ्रेशोल्ड वर चढतो.

ब्रेडबोर्डवर खराखुरा म्युटेक्स बांधता येतो, आणि त्यासाठी सीडी४००७यूबी ही जुनी चिप हवी, कारण तिच्यात पीमॉसचे सोर्स वेगळ्या पिनांवर काढलेले आहेत. लॅचसाठी सीडी४०११यूबी. सप्लाय ५ व्होल्ट, या दोन्ही चिपच्या १४ आणि ७ नंबरच्या पिनांमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ४०११ मध्ये आर१ पिन १ वर, आर२ पिन ६ वर. पिन ३ हा क्यू१, तो पिन ५ ला. पिन ४ हा क्यू२, तो पिन २ ला. उरलेले इनपुट म्हणजे ८, ९, १२, १३ ग्राउंडला. ४००७ मध्ये क्यू१ पिन ३ ला, क्यू२ पिन २ ला, पिन ४ ग्राउंडला, आणि १ व ५ एकत्र जोडून जी१. दुसरी जोडी: क्यू२ पिन १० ला, क्यू१ पिन ११ ला, पिन ९ ग्राउंडला, पिन १२ हा जी२. न वापरलेलं गेट म्हणजे पिन ६, तेही ग्राउंडला.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ४०११ ची पिनरचना ७४००सारखी समजणं. ७४०० मध्ये दुसऱ्या गेटचे इनपुट ४ आणि ५, आउटपुट ६ वर. ४०११ मध्ये इनपुट ५ आणि ६, आउटपुट ४ वर. तसंच नावातला 'यूबी' महत्त्वाचा: तो बिनबफरचा प्रकार. बफर असलेल्या गेटांत टप्पे जास्त असल्याने लॅच अर्ध्यावर थांबण्याऐवजी वरखाली ऑसिलेट होऊ शकतं, आणि मग फिल्टरचा पीमॉस मध्येच क्षणभर चालू होण्याची भीती राहते. ग्रँटवर थेट एलईडी लावायचा मोह आवरा. पीमॉसला करंट लॅचच्या आउटपुटमधूनच मिळतो, तेव्हा एलईडी लावला की तुम्ही लॅचलाच खाली ओढता. मध्ये सीडी४०४९ हा इन्व्हर्टर घाला, आणि सप्लाय ते ४०४९ च्या आउटपुटमध्ये १ किलोओहम आणि एलईडी. ग्रँट आली की पेटेल.

मेटास्टेबिलिटी मुद्दाम घडवायला एकच चौकोनी लहर दोन वाटांनी द्यावी. एका वाटेवर १ किलोओहम आणि १०० पिकोफॅरड, दुसरीवर ५०० ओहमला जोडून १ किलोओहमचा ट्रिमपॉट आणि तेवढाच कपॅसिटर. ट्रिमपॉट हळूहळू फिरवत गेलं की एका अरुंद जागी जी१ आणि जी२ आलटून पालटून यायला लागतात. तिथे स्कोप आर१ वर ट्रिगर करून पर्सिस्टन्स (जुन्या लहरी पडद्यावर राहू देणं) लावला की ग्रँटची कड एका जागी न राहता उजवीकडे विरत गेलेली दिसते. क्यू१ आणि क्यू२ वर प्रोब लावताना लक्षात ठेवा, दहापट प्रोबचे सुद्धा दहाएक पिकोफॅरड त्या नोडवर चढतात आणि लॅच मंदावतं. एकाच बाजूला लावलात तर तोल जातो, ट्रिमपॉट परत जुळवावा लागतो.

ती उजवीकडची शेपटी एक्स्पोनेन्शियल असते, आणि तिचा टाइम कॉन्स्टंट म्हणजे टाऊ. सुरुवातीचा फरक दहापट कमी झाला की निकाल लागायला सुमारे २.३ टाऊ जास्त लागतात. एनजीस्पाइसमध्ये हेच काढायचं तर दोन्ही क्यू एका स्विचने जोडून ठेवायचे, १ मिलिव्होल्टचा फरक लावून स्विच उघडायचा, मग १०० मायक्रोव्होल्ट, मग १० मायक्रोव्होल्ट. दोन निकालांच्या वेळांतला फरक भागिले २.३, आला टाऊ. फरक शून्य ठेवलात तर सिम्युलेटर तासन्‌तास मध्यावर बसून राहील. त्याच्याकडे नॉइज नाही, तेव्हा त्याला निर्णय घ्यायला कारणच नाही.

व्हेरिलॉगमध्ये याहून विचित्र घडतं. दोन्ही नँडना सारखाच डिले देऊन दोन्ही रिक्वेस्ट एकाच क्षणी चढवल्या तर दोन्ही क्यू ०, १, ०, १ असे अनंतकाळ नाचतात. म्हणून डिजिटल सिम्युलेशनला म्युटेक्स गेटांनी लिहू नये. वर्तनाचं मॉडेल लिहावं, आणि बरोबरी झाली तर विजेता रँडम निवडावा. ठरावीक बाजू जिंकवली तर अर्ध्या शक्यता कधी तपासल्याच जात नाहीत.

आता एक हिशेब. सिंक्रोनायझरमध्ये, म्हणजे बाहेरचा सिग्नल क्लॉकशी जुळवून घेणाऱ्या सर्किटमध्ये, आपण आधीच ठरवतो की निकालाला इतका वेळ देणार. टाऊ २० पिकोसेकंद, खिडकी (ज्या अवधीत डेटा बदलला तर मेटास्टेबिलिटी येते) २० पिकोसेकंद, क्लॉक ५०० मेगाहर्ट्झ आणि डेटा ५० मेगाहर्ट्झ धरा. निकालाला अर्धा नॅनोसेकंद दिला तर सरासरी ४० तासांत एक बिघाड. पूर्ण १ नॅनोसेकंद दिला तर सुमारे ३३ कोटी वर्षांत एक. म्युटेक्सला हा जुगार खेळावा लागत नाही. तो निकाल लागेपर्यंत थांबतो, आणि पुढचं सर्किटही ग्रँट येईपर्यंत थांबतं. बिघाड नाही, फक्त क्वचित उशीर. मात्र ज्या क्षणी कोणी म्हणतं, 'पाच नॅनोसेकंदांत निकाल नाही लागला तर पहिल्याला देऊन टाकू', त्या क्षणी ही हमी गेली. टाइमआउट आधी की ग्रँट आधी, हे ठरवायला आता आणखी एक म्युटेक्स लागणार, आणि तोही अडकू शकतो.

आता सोडण्याकडे. फोर-फेज हँडशेकमध्ये क्लायंट, म्हणजे मागणारा, रिक्वेस्ट चढवतो, पोच म्हणून अ‍ॅक चढतो, रिक्वेस्ट उतरते, अ‍ॅक उतरतो. चारही पायऱ्या झाल्या की एक व्यवहार पुरा. आर्बिटरला दोन क्लायंट आणि एक सामायिक संसाधन जोडायचं आहे. संसाधनाकडे जाणारी रिक्वेस्ट आर०, तिकडून येणारा अ‍ॅक ए०.

पहिल्या प्रयत्नात सगळे जण हेच काढतात: जी१ आणि जी२ चं ऑर म्हणजे आर०, आणि प्रत्येक क्लायंटला सी-एलिमेंटमधून अ‍ॅक. डेव्हिड मुलर यांचा हा सी-एलिमेंट दोन्ही इनपुट १ झाले की १ होतो, दोन्ही ० झाले की ०, नाहीतर आधीची स्थिती धरून ठेवतो. म्हणजे ए१ हा जी१ आणि ए० यांचा सी. दिसायला निर्दोष. दोन्ही क्लायंट मागताहेत आणि पहिला जिंकला असं धरून पायरी पायरीने जा. जी१ चढला, आर० चढला, संसाधनाने काम केलं, ए० चढला, ए१ चढला. क्लायंट एकने आर१ उतरवला. जी१ उतरला, आणि म्युटेक्स मोकळा झाल्याबरोबर, एक-दोन गेटांच्या डिलेमध्ये, जी२ चढला. आर० ला नीट उतरायला सवडच मिळाली नाही. फार तर एक बारीक ग्लिच, म्हणजे क्षणिक खड्डा, आला. ए० अजून हायच आहे. जी२ हाय, ए० हाय, म्हणून ए२ चढला. क्लायंट दोनला वाटलं आपलं काम झालं. संसाधनाने त्याच्यासाठी बोटसुद्धा हलवलेलं नाही.

यातली खरी वाईट गोष्ट पुढे आहे. क्लायंट दोन खुशीत आर२ उतरवतो, जी२ उतरतो, आर० उतरतो, ए० उतरतो, आणि दोन्ही सी-एलिमेंट शून्यावर येतात. सर्किट अडकत नाही. वेव्हफॉर्म ओझरतं पाहिलं तर सुरळीत दिसतं. हरवलेला असतो एक व्यवहार. डेडलॉक, म्हणजे सगळंच कायमचं अडकणं, परवडला, तो निदान ओरडून सांगतो.

उपाय दोन अँड गेटांचा. जी१ थेट न वापरता त्याला 'ए२ लो असेल तरच' ही अट घालायची. म्हणजे पी१ हा जी१ आणि उलटा ए२ यांचा अँड, पी२ हा जी२ आणि उलटा ए१ यांचा अँड. आता आर० हा पी१ आणि पी२ यांचा ऑर, ए१ हा पी१ आणि ए० यांचा सी, ए२ हा पी२ आणि ए० यांचा सी. परत चाला. आर१ उतरला, जी१ उतरला, पी१ उतरला. जी२ चढला, पण ए१ अजून हाय, म्हणून पी२ दबून आहे. आर० पूर्ण उतरतो, मग ए० उतरतो, मग ए१, आणि त्यानंतरच पी२ चढतो. सिंगल लाइनवरच्या रेल्वेचं टोकन असतं ना, तसंच: पहिली गाडी सेक्शनमधून बाहेर पडून टोकन यंत्रात परत जाईपर्यंत दुसरी सुटत नाही.

सी-एलिमेंट महाग वाटतो म्हणून त्याच्या जागी अँड लावू नका. मग पी१ उतरताच ए१ उतरतो, ए० अजून वर असतानाच पी२ ला वाट मिळते, आणि आपण फिरून मघाच्याच खड्ड्यात. सी-एलिमेंट लायब्ररीत नसेल तर मेजॉरिटी गेटचं (तीनपैकी किमान दोन इनपुट सांगतील ते देणाऱ्या गेटचं) आउटपुट तिसऱ्या इनपुटला परत आणून करता येतो. एकाच कॉम्प्लेक्स सेलमध्ये करा, सुटी गेटं जोडून नको. फीडबॅक स्थिरावण्याआधी पुढचा इनपुट आला तर तो आपली स्थिती विसरतो.

या दोन अँड गेटांचा आणखी एक उपयोग आहे. म्युटेक्सची 'दोन्ही ग्रँट कधीच एकदम हाय नसतील' ही हमी फक्त त्याच्या दारापर्यंतची. जी१ वर जास्त लोड असेल किंवा त्याची वायर लांब असेल तर जी१ ची उतरण पलीकडे पोचण्याआधी जी२ ची चढण पोचते. दोन ट्राय-स्टेट बफर (बसपासून तोडता येणारे) थेट ग्रँटवर चालवलेत तर तेवढा वेळ बसवर दोघांची झोंबाझोंबी. ग्रँटवर लोड कमी ठेवा, आणि बस किंवा मल्टिप्लेक्सर (दोनांतला एक डेटा निवडणारं सर्किट) पी१, पी२ वरून चालवा.

बंडल्ड डेटा असेल, म्हणजे डेटाच्या वायरींसोबत एकच रिक्वेस्टची वायर जात असेल, तर मल्टिप्लेक्सरचा डिले आर० च्या वाटेवर भरून काढावा लागतो. डेटा पोचण्याआधी रिक्वेस्ट पोचली तर मेमरीत कचरा लिहिला जाईल. डिले लाइन असममित करा, चढताना मंद आणि उतरताना जलद. उतरणीच्या वेळी डेटाची वाट बघायची नसते, मग फुकट वेळ का घालवा?

दोनाहून जास्त क्लायंट असतील तर मला झाड पसंत आहे. वरचाच आर्बिटर एकावर एक रचायचा, चार क्लायंटना तीन पुरतात. झाड एकीकडे कललेलं नको. तीन क्लायंटच्या झाडात सगळे सतत मागत असतील तर मुळाजवळच्या एकाला अर्धा वाटा आणि बाकी दोघांना पाव पाव मिळतो. हे कधी हवंही असतं, पण माहीत असून केलेलं असावं. दुसरी पद्धत जाळीची: प्रत्येक जोडीला एक म्युटेक्स, तीन क्लायंटना तीन, चारांना सहा. प्रत्येक क्लायंट आपल्या वाट्याचे म्युटेक्स एकामागून एक जिंकत जातो, आणि इथे क्रम चुकला की डेडलॉक. पहिला क्लायंट १-२ धरून १-३ ची वाट बघतोय, तिसरा १-३ धरून २-३ ची, दुसरा २-३ धरून १-२ ची. तिघेही हटवादी. सगळ्या म्युटेक्सना एक ठरलेला क्रम द्या, म्हणजे १-२, मग १-३, मग २-३, आणि प्रत्येकाने त्याच क्रमाने घ्यावेत. चक्र बनतच नाही.

आर्बिटर आला की सर्किटचं वागणं दर वेळी तेच राहील याची खात्री जाते, आणि ते वरच्या आर्किटेक्चरला पचवावं लागतं. मँचेस्टरला स्टीव्ह फर्बर यांच्या गटाने केलेल्या अ‍ॅम्युलेट१ या असिंक्रोनस प्रोसेसरमध्ये पीसी (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता धरणारा प्रोग्रॅम काउंटर) आपापला वाढत पुढच्या इन्स्ट्रक्शन मागवत राहायचा, आणि ब्रँचचा (प्रोग्रॅममधल्या उडीचा) पत्ता त्या चक्रात आर्बिटरमधून शिरायचा. ब्रँच लागू होईपर्यंत किती इन्स्ट्रक्शन जादा आल्या असतील हे ठरलेलं नसे. म्हणून प्रत्येक इन्स्ट्रक्शनला रंगाचा एक बिट होता. ब्रँच झाली की रंग पालटायचा, आणि जुन्या रंगाच्या इन्स्ट्रक्शन टाकून द्यायच्या. मोजायची गरजच उरली नाही.

एफपीजीएवर (हवं ते लॉजिक भरता येणाऱ्या तयार चिपवर) म्युटेक्स करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एलयूटीचे (तिथल्या लॉजिकच्या तक्त्यांचे) थ्रेशोल्ड आपल्या हातात नाहीत, फिल्टर बांधता येत नाही, आणि टूलला डोन्ट-टच, म्हणजे 'याला हात लावू नको', असं सांगितलं नाही तर ते तुमच्या अडकवलेल्या गेटांचं काय करेल सांगता येत नाही. तिथे रिक्वेस्ट सिंक्रोनायझरमधून घेऊन क्लॉकवरचा आर्बिटर वापरावा.

तपासणीसाठी वेव्हफॉर्म बघत बसण्यापेक्षा तीन काउंटर लावा: प्रत्येक क्लायंटच्या अ‍ॅकवर एकेक आणि एक संसाधनाच्या आत, प्रत्यक्ष काम होतं त्या जागी. तिसरा आर० वर लावू नका, तो ग्लिचही मोजेल आणि हरवलेला व्यवहार झाकून टाकेल. दोन्ही क्लायंटना पूर्ण वेगाने मागू द्या, त्यांचे डिले हळूहळू एकमेकांवरून सरकवत न्या. थांबवल्यावर पहिल्या दोन काउंटरची बेरीज तिसऱ्याइतकी यायला हवी. बेरीज जास्त आली तर ज्याचं काम झालंच नाही अशा कोणाला तरी अ‍ॅक गेलेला आहे, आणि शोध त्या दोन अँड गेटांपासून सुरू करावा.